घरचे कुत्रे, घरचे मांजर आणि शाळेतील मूल



प्रवरेच्या काठी वसलेले कोल्हार आणि त्याच्या भोवतीच्या मळ्यांतील वस्त्या पाहिल्या, तर कुत्रे नाही असे घर तेथे विरळाच आढळते. मळ्यात राहणाऱ्या कुटुंबाला रात्रीच्या राखणीसाठी कुत्रा लागतो, आणि धान्याच्या पोत्यांना उंदरांचा उपद्रव होऊ नये म्हणून मांजर लागते. या मुक्या प्राण्यांविषयी आपल्या लोकांत प्रेमाची उणीव आहे असे मुळीच नाही. याच प्रवरेच्या काठी, नेवासे तालुक्यातील देवगड येथे दत्तप्रभूंचे स्थान आहे. दत्तांच्या पायांशी उभे असलेले चार श्वान लहान मुलालाही ओळखीचे असतात. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा तर घरोघर सांगितली जाते. उणीव आहे ती वेगळ्याच गोष्टीची. बैलाला पोळा आहे, गाईला वसुबारस आहे, आणि लाळ-खुरकुताची लस टोचल्याची नोंदही गोठ्यातील जनावरांच्या वाट्याला येते. कुत्र्यामांजरांच्या वाट्याला पंचांगात दिवस नाही, आणि पुष्कळ घरी लसीची नोंदही नाही. ते उरलेसुरले खातात, अंगणात निजतात आणि आजारी पडले तर दैवावर सोडले जातात.

हा विषय प्राथमिक शिक्षकांपुढे का मांडावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, घरातील कुत्र्याशी सर्वांत जवळचा संबंध कर्त्या माणसाचा नसून मुलाचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे, पिसाळल्याचा संशय असलेल्या प्राण्यांच्या चाव्याला बळी पडणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. ही मुले दिवसाचे पाच-सहा तास ज्यांच्यासमोर बसतात ते शिक्षकच होत.

या प्राण्यांचे वर्ष चैत्रापासून मोजण्यापेक्षा भाद्रपदापासून मोजणे सोयीचे. आपल्याकडील गावठी कुत्र्यांचा माजाचा काळ बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस येतो, आणि कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. म्हणजे दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडते त्याच सुमारास कडब्याच्या गंजीखाली, ओसरीच्या कोपऱ्यात, क्वचित शाळेच्या पायरीखालीही पिल्ले दिसू लागतात. मुले त्यांना उचलतात, कुशीत घेतात, दप्तरात घालून वर्गातही आणतात. यात वाईट काहीच नाही. पण पिल्लाचे दात सुईसारखे असतात, आणि खेळता खेळता हाताला लहानसा ओरखडा उमटतो. मूल तो ओरखडा सदऱ्याच्या बाहीखाली लपविते. घरी सांगितले तर मार बसेल, पिल्लू टाकून देतील आणि डॉक्टर सुई टोचतील, ही तीन भये त्याच्या मनात एकाच वेळी असतात.

रेबीजच्या बाबतीत खरा धोका या लपविण्यातच आहे. पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतील विषाणू चाव्यातून, ओरखड्यातून किंवा फुटलेल्या कातडीला लागलेल्या लाळेतून शरीरात शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा दोन-तीन महिने, कधी आठवडाभर तर कधी वर्षही लागते. तेवढ्या काळात लस टोचली तर मूल वाचते. एकदा लक्षणे उमटली की मग जवळजवळ कोणताच उपाय चालत नाही. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी ज्याच्यावर आपली लस प्रथम योजिली तो जोझेफ माइस्टर अवघा नऊ वर्षांचा होता. आपल्याकडे तिसरी-चौथीच्या वर्गात बसणारी मुले त्याच वयाची. तो वाचला, कारण त्याच्या आईने दोन दिवसांत त्याला पाश्चरांकडे आणले.

जुन्या माणसांच्या मनात पोटातील चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून आहे, आणि ती अकारण नव्हती. मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली ती लस खरोखरच त्रासदायक होती. परंतु २००४ च्या अखेरीस भारतात तिचे उत्पादन थांबले. आज दंडाच्या कातडीत, पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी लस टोचतात, आणि ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर जखमेभोवती तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शनही द्यावे लागते. त्यासाठी मोठ्या रुग्णालयात जाण्याची तयारी ठेवावी. आजीच्या मनातील भीती नातवाच्या उपचाराआड येत असेल, तर एवढी माहिती शिक्षकाने घरी जाऊन सांगणे पुरेसे होते.

तथापि दवाखान्याच्याही आधी जो उपचार करावयाचा तो शाळेच्या नळावर होतो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे हा काळ वाटतो त्याहून फार लांब असतो. म्हणून घड्याळ पाहूनच धुवावे. तिखट, चुना, हळद, तेल यांपैकी काहीही जखमेला लावू नये, ती बांधू नये आणि मंत्र घालणाऱ्याकडे एक तासही दवडू नये. चावलेला कुत्रा किंवा मांजर घरचे असेल तर त्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. लाळेत विषाणू उतरलेला प्राणी बहुधा त्या अवधीत आजारी पडून मरतो. मात्र दहा दिवस वाट पाहून मग लस घेऊ, हा हिशेब चुकीचा आहे. लस त्याच दिवशी सुरू करावी; प्राणी धडधाकट राहिला तर पुढील डोस द्यावयाचे की नाही ते डॉक्टर ठरवितात.

एक समजूत येथेच दूर करणे अगत्याचे आहे. कुत्रा पाणी पितो, तेव्हा तो पिसाळलेला नाही, असे पुष्कळ लोक मानतात. पाण्याचे भय हे माणसाला होणाऱ्या रोगाचे लक्षण आहे. पिसाळलेला कुत्रा पाणी पिऊ शकतो. त्याचा आवाज बदलतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, तो दिसेल त्यावर तोंड टाकतो, किंवा उलट अंधारात निपचित पडून राहतो. हा दुसरा प्रकार अधिक फसवा. घशात हाड अडकले असेल म्हणून मूल त्याच्या तोंडात बोटे घालते.

हे सर्व टाळण्याचा मार्ग स्वस्त आणि सोपा आहे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची पहिली लस, पशुवैद्य सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढे दरवर्षी एक. मांजरालाही हाच नियम लागू आहे, ही गोष्ट बहुतेकांच्या गावीही नसते. पिल्लांना याच वयात पार्व्हो नावाचा रोग गाठतो. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेल्या या रोगात रक्ताची हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत पिल्लू दगावते. त्यावरही लस आहे. जंताचे औषध मात्र पिल्लाइतकेच मुलासाठी असते, कारण कुत्र्याच्या विष्ठेतील जंतांची अंडी मातीतून मुलांच्या हातांवर आणि हातांवरून पोटात जातात. कापलेल्या शेळ्यामेंढ्यांचे कच्चे काळीज व फुप्फुस कुत्र्यापुढे टाकण्याची रीत तर सर्वथा सोडली पाहिजे. त्यातून कुत्र्याला लागणाऱ्या एका बारीक पट्टकृमीमुळे माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात, आणि त्या पुष्कळदा शस्त्रक्रियेनेच काढाव्या लागतात.

पिल्ले डोळे उघडतात त्याच दिवसांत या भागात ऊसतोड सुरू होते, आणि तिच्याबरोबर दुसरे संकट येते. १९२६ साली पुरे झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी कालव्यांनी खाली आले, १९५०-५१ च्या हंगामापासून लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना चालू झाला, आणि उसाचे क्षेत्र वाढत गेले. त्या उसात बिबट्याला लपायला जागा मिळाली. त्याने खावे काय, याचा उलगडा याच नदीच्या वरच्या अंगाला, अकोल्याच्या परिसरात झाला आहे. तेथे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेची तपासणी केली. त्याच्या आहारात वजनाच्या मानाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. त्याखालोखाल सुमारे १५ टक्के मांजरांचा. शेळ्यांचा वाटा या दोहोंहून कमी होता. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला.

कोल्हारच्या वस्त्यांवरील शेतकऱ्याला यातून काय घ्यावयाचे? ज्या कुत्र्याला राखणीसाठी रात्री उसाच्या कडेला साखळीने बांधतात, तो पळू शकत नाही, लढू शकत नाही आणि भुंकून स्वतःचा ठावठिकाणा मात्र कळवितो. असा कुत्रा राखण करीत नाही. तो बिबट्याला दारापर्यंत आणतो, आणि त्याच दारात पहाटे मुले बाहेर येतात. म्हणून अंधार पडला की कुत्र्याला दार असलेल्या, वरून झाकलेल्या पडवीत किंवा गोठ्यात घ्यावे. मांजरालाही रात्री घरात ठेवावे. कोंबड्यांची आतडी, मेलेली जनावरे, शिळे अन्न घराजवळ टाकू नये, कारण त्यावर मोकाट कुत्री जमतात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. शेजारचा ऊस तुटत असेल त्या आठवड्यात ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण आसरा मोडलेला प्राणी रात्री नव्या जागेच्या शोधात असतो.

उन्हाळ्याविषयी थोडेच सांगण्याजोगे आहे. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. तेव्हा सावली आणि मातीच्या पसरट भांड्यात दिवसातून दोनदा बदललेले पाणी, एवढे त्याला हवेच. पत्र्याच्या शेडखाली दुपारी बांधून ठेवलेला कुत्रा उष्माघाताने मरू शकतो. नगर-मनमाड रस्त्यालगतच्या घरांनी तर वर्षभरच कुत्र्याला मोकळे सोडू नये. पावसाळ्यात गोचीड वाढतात. कान, मान आणि बोटांच्या बेचक्या दर दोन दिवसांनी पाहाव्यात, कारण गोचिडातून येणाऱ्या तापाने कुत्रा खाणे सोडतो आणि त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडतात. गोचीड मारण्यासाठी पिकावर फवारावयाचे औषध कुत्र्याच्या अंगाला चोळण्याचा प्रकार घडतो. कुत्रा अंग चाटतो, आणि गोचिडांआधी तोच मरतो.

मांजराची गोष्ट थोडी निराळी. दूध-भाकरीवर मांजर तगते, पण निरोगी राहत नाही. त्याच्या शरीराला लागणारी काही द्रव्ये केवळ मांस-मासळीतूनच मिळतात, आणि प्रौढ मांजराला दूध पुष्कळदा पचतही नाही. घरात उंदरांसाठी विष ठेवावे आणि मांजरही पाळावे, या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत. मांजराला ताप दिसतो म्हणून घरातील पॅरासिटामॉलची गोळी देणे म्हणजे त्याला विषच देणे होय. एवढीशी गोळीही त्याच्या जिवावर बेतते.

आता एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. पिल्लांतील नर ठेवून माद्या गोणपाटात घालून रस्त्याकडेला किंवा बाजारच्या आवारात सोडण्याची चाल गावोगाव आहे. हे काम बहुधा मुलांकडूनच करवून घेतात, आणि तेथे मूल जे शिकते ते पाठ्यपुस्तकातील कोणत्याही धड्याने पुसले जात नाही. शिवाय वाचलेल्या माद्या वर्षभरात स्वतः विऊ लागतात, आणि गावावरील मोकाट कुत्र्यांची तक्रार करणारेही पुष्कळदा तेच लोक असतात. घरच्या कुत्रीची शस्त्रक्रिया करवून घेणे हाच त्यावरचा सरळ मार्ग आहे. ती सोय जवळ कोठे आहे, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

गोव्याचे उदाहरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. तेथे राज्य सरकार व मिशन रेबीज या संस्थेने गावोगाव कुत्र्यांना लस टोचलीच, पण त्याबरोबर शाळांशाळांतून मुलांना चाव्यानंतर काय करावे हेही शिकविले. २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. गोवा लहान आहे आणि तेथील साधने निराळी, हे खरे; परंतु वर्गात दिलेला पाऊण तास कोल्हारच्या शाळेलाही परवडणारा आहे.

त्या पाऊण तासात प्रथम मुलांकडून एक गोष्ट कबूल करून घ्यावी, आणि तिच्या बदल्यात शिक्षकाने एक वचन द्यावे. चावले, ओरबाडले, जखमेला चाटले, तर मुलाने त्याच दिवशी सांगावयाचे. आणि सांगितल्याबद्दल शाळेत कोणीही रागावणार नाही, उलट शिक्षक स्वतः घरी येऊन आईवडिलांशी बोलतील. हे वचन एकदाही मोडले तर पुढची जखम बाहीखालीच राहील. जेवत असलेल्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावू नये. अंगावर आलेल्या कुत्र्यापुढे पळू नये, हात अंगाशी धरून स्तब्ध उभे राहावे. हे मुलांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावे. मुलांना त्यात खेळाची मौज वाटते.

नंतर वहीच्या एका पानावर कोणाच्या घरी कुत्रे आहे, कोणाच्या घरी मांजर, पिल्ले कधी जन्मली आणि शेवटची लस कधी टोचली, याची यादी मुलांकडूनच करवून घ्यावी. लसीचा रकाना बहुधा कोराच राहील. दिवाळीनंतर जन्मलेली पिल्ले माघाच्या सुमारास तीन महिन्यांची होतात. तेव्हा त्याआधीच ही यादी पशुवैद्यकीय दवाखान्यात व ग्रामपंचायतीत देऊन लसीकरणाचा दिवस मागून घ्यावा. दिवस ठरला की फळ्यावर लिहावा, आणि प्राण्याला मोठ्या माणसानेच आणावे अशी स्पष्ट सूचना द्यावी. कुत्र्याच्या गळ्यात मजबूत दोरी असावी. मांजर हातांत धरून आणू नये. झाकणाच्या टोपलीत किंवा तोंड बांधलेल्या सुती पिशवीत आणावे, नाहीतर गर्दी पाहून ते निसटते आणि ज्याच्या हातून निसटते त्यालाच आधी ओरबाडते.