बिऱ्हाड हलविताना

(कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित भाग)



विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. गृहस्थाचे बिऱ्हाड मात्र टेम्पोत चढवावे लागते आणि त्या दिवशी घरातील प्रत्येकाच्या स्वभावाची परीक्षा होते. मुलीच्या लग्नाची तयारी सहा महिने आधी करणारी कुटुंबे घर बदलण्याचा विचार आठ दिवस आधी सुरू करतात. मुहूर्त पाहिला जातो, टेम्पोवाल्याशी घासाघीस होते आणि तेवढ्यावर नियोजन झाले असे समजले जाते.

मुंबईत या विषयाला आज विशेष महत्त्व आले आहे. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे चाळी बांधल्या. एकूण इमारती २०७. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची आणि शौचालये सामाईक. गिरणी कामगार, पोलीस शिपाई, कनिष्ठ सरकारी नोकर अशा कष्टकऱ्यांच्या तीन-चार पिढ्या या खोल्यांत वाढल्या. शिवडी वगळता उर्वरित तीन ठिकाणचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला. १६० फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर देण्याची ती योजना आहे. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी रहिवाशांच्या हाती पडल्या.

या कुटुंबांना बिऱ्हाड एकदा नव्हे, दोनदा हलवावे लागते. आधी चाळ रिकामी करून संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात जायचे, काही वर्षे तेथे काढायची आणि मग नव्या इमारतीत यायचे. पुण्यातील वाड्यांच्या, ठाणे-डोंबिवलीतील जुन्या सोसायट्यांच्या रहिवाशांपुढेही हाच प्रसंग उभा आहे.

अशा चाळीतील एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. आजी, आई-वडील, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि सातवीतला मुलगा. निर्णय वडील घेतात, आई तो अमलात आणते, मुलांना तो सांगितला जातो. आजीला मात्र सर्वांत शेवटी कळते आणि वर सांगितले जाते, ‘‘आजी, तुम्ही काही करू नका. नुसत्या बसा.’’ बोलणाऱ्याच्या मनात कळवळाच असतो. पण जी स्त्री लग्न होऊन त्या खोलीत आली, जिने नळाच्या रांगेत उभे राहून संसार उभा केला, तिला त्या संसाराच्या सर्वांत मोठ्या घडामोडीत बसवून ठेवणे हा अन्यायच होय. घर हलविण्याचे नियोजन करताना पहिले काम तिच्याकडे सोपवावे.

हे केवळ तिचे मन राखण्यासाठी सुचविलेले नाही. माळ्यावर काय आहे, हे तिलाच ठाऊक असते. पात्रता ठरविताना ज्या जुन्या भाडेपावत्या, शिधापत्रिका आणि वीजबिले मागितली जातात, ती बहुधा तिच्याच पत्र्याच्या ट्रंकेत, साडीच्या घडीखाली सापडतात. घर सोडण्यापूर्वी दोन महिने रोज एक तास आजीने सांगावे आणि नातवाने काढून दाखवावे, असा क्रम ठेवावा. सोबत न्यायचे, गावी पाठवायचे आणि देऊन टाकायचे, असे वस्तूंचे तीन ढीग होतात. संक्रमण काळातील जागा लहान असते, म्हणून गावी पाठविण्याचा ढीग मोठाच असायला हवा. पितळी हंडे, पाटा-वरवंटा, पाण्याचे पिंप यांविषयी वाद होतील. ते दोन महिने आधी झालेले बरे. टेम्पो दाराशी उभा असताना होणारे वाद वर्षानुवर्षे लक्षात राहतात. शिवाय वस्तू हाताळताना आजी तिचा इतिहास सांगतेच आणि तो नातवाच्या कानी पडतो. एरवी त्या वयातल्या मुलाला तो कोण सांगणार?

मोजपट्टीचे काम वडिलांचे. चाळीच्या जिन्याने वर गेलेले लोखंडी कपाट नव्या इमारतीच्या उद्वाहनात मावेलच असे नाही. दार, उद्वाहन आणि खोलीची भिंत अशी तिन्ही मापे घेतल्यावरच कपाटाचे भवितव्य ठरवावे. नव्या घरासाठी आगाऊ फर्निचर घेण्याची घाई करू नये. ऊन कोठून येते, वारा कोठून येतो, हे महिनाभर राहिल्यावरच कळते.

खोक्यांची वही मुलीकडे द्यावी. प्रत्येक खोक्यावर क्रमांक आणि वहीत त्या क्रमांकापुढे आतील वस्तू, एवढी शिस्त पुरते. जे खोके टेम्पोत शेवटी चढते ते प्रथम उतरते. म्हणून दुधाचे पातेले, लायटर, चहा-साखर, चादरी, पक्कड, टॉर्च यांचे खोके शेवटचे. दागिने, मूळ कागदपत्रे आणि आजीची औषधे टेम्पोत जाऊच नयेत. ती घरच्या माणसाच्या हातातील पिशवीतच असावीत. सामान हलविणाऱ्या व्यावसायिकांना काम द्यायचे असेल, तर त्यांनी घरी येऊन सामान पाहून लेखी दर द्यावा, वस्तूंची यादी दोघांच्या सहीने करावी आणि विम्याचे विचारून घ्यावे. दूरध्वनीवर सांगितलेला स्वस्त दर वाटेत वाढतो, हा अनेकांचा अनुभव आहे.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे खरे, पण त्यालाही क्रम आहे. आधी नव्या जागेचा करार किंवा वाटपपत्र, त्यावरून आधारचा पत्ता आणि मग बाकी सारे. ज्यांच्या नावावर पत्त्याचा पुरावा नाही, त्यांना कुटुंबप्रमुखाच्या संमतीने आधारवरील पत्ता बदलण्याची सोय २०२३ पासून झाली आहे. घरातील स्त्रियांना ती विशेष उपयोगी आहे. मतदारयादीसाठी २०२२ पासून नमुना ८ भरावा लागतो. वाहनाच्या नोंदणीवरील पत्त्याची सूचना तीस दिवसांत द्यावी, असे मोटार वाहन कायदा सांगतो. गॅसची ग्राहक पुस्तिका जपावी. दुसऱ्या गावी जायचे तर सिलिंडर व रेग्युलेटर जमा करून वितरकाकडून तसा कागद घ्यावा लागतो. आजीला निवृत्तिवेतन मिळत असेल, तर नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला घर बदलण्याच्या गडबडीत राहून जाणार नाही, हेही कोणाला तरी नेमून द्यावे.

मुलाच्या शाळेचा प्रश्न मात्र घाईने सोडविण्यासारखा नाही. नवे घर दूर असले तरी शैक्षणिक वर्षाच्या मध्येच शाळा बदलणे टाळावे आणि त्यासाठी उन्हाळी सुट्टीतच बिऱ्हाड हलवावे. बदलावीच लागली, तर शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्याचे पाचवे कलम पालकांनी जाणून घ्यावे. आठवीपर्यंतच्या विद्यार्थ्याला सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत जायचे असेल, तर आधीच्या मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला तत्काळ दिला पाहिजे आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. चातुर्मासात गृहप्रवेश करू नये, ही आपल्याकडील रूढी. कोसळत्या पावसात गाद्या आणि पुस्तकांची खोकी हलविलेल्या माणसाला त्या रूढीमागचे शहाणपण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

एक सूचना कित्येकांना रुचणार नाही. वास्तुशांत आणि सामान हलविणे एकाच दिवशी उरकण्याचा अट्टाहास नसावा. एकीकडे पाहुणे, एकीकडे हमाल आणि मधे गुरुजी पळी शोधत आहेत, अशा गोंधळात ना धड पूजा होते ना धड काम. आधी देवघरातील देव घरच्या माणसाने हातांत घेऊन न्यावेत, दूध उतू घालावे, सामान यावे. वास्तुशांत सवडीने, आप्तेष्टांना बोलावून करावी.

आता सर्वांत नाजूक भाग. चाळीचे दार दिवसभर उघडे असते. सामाईक गॅलरीत धान्य निवडणे, भाजी चिरणे, अभ्यास, भांडण आणि समेट हे सारे चालते. आजीला बरे नाही, हे शेजारणीला सांगावे लागत नाही. ती दिसली नाही यावरूनच कळते. नव्या इमारतींत घरांचे वाटप सोडतीने होते. पन्नास वर्षांची शेजारीण सोळाव्या मजल्यावर आणि आजी चौतिसाव्या, असे सहज घडू शकते. मोठे घर, स्वतंत्र शौचालय, खिडकीतून समुद्र, हे सारे खरोखर चांगले आहे. ज्यांनी आयुष्यभर सामाईक शौचालयाच्या रांगेत दिवस सुरू केला, त्यांच्यापुढे चाळीच्या गोडव्याची गाणी गाणे हा आगाऊपणाच ठरेल. पण मुलगा-सून कामावर आणि नातवंडे शाळा-महाविद्यालयात गेल्यावर बंद दारामागे ती वृद्धा दहा तास एकटी असते, हेही तितकेच खरे.

म्हणून बिऱ्हाड हलण्यापूर्वी आजीला नव्या जागी दोन-तीनदा नेऊन आणावे. उद्वाहनाचे कोणते बटण दाबायचे, हे नातवाने तिच्याच बोटाने करून घ्यावे. भाजीवाला, दवाखाना, देऊळ आणि बसायचा बाक ही चार ठिकाणे तिला पायी दाखवावीत. चाळीतल्या मैत्रिणींचे नवे मजले आणि दूरध्वनी क्रमांक एका वहीत ठळक अक्षरांत लिहून द्यावेत. तिचा पलंग आतल्या खोलीत न टाकता, येणाऱ्या-जाणाऱ्याची चाहूल लागेल असा ठेवावा. पहिले आठ दिवस घरातील कोणी तरी रजा घेऊन तिच्यासोबत राहावे. ही रजा सामान लावण्याच्या रजेहून वेगळी धरावी. आणि संध्याकाळी पाच ते सहा दार उघडे ठेवून उंबऱ्यापाशी तिची खुर्ची टाकावी. समोरच्या बंद दारामागचे कुटुंबही अशाच एखाद्या चाळीतून आलेले आहे. पहिल्या दिवशी नाही, तरी चौथ्या-पाचव्या दिवशी तिकडचीही खुर्ची बाहेर येईल.