एका मिनिटाचं पुस्तक

2024 च्या पावसाळ्यात शालेय शिक्षण विभागानं राज्यातल्या शाळांना एक काम दिलं. तिसरी ते बारावीच्या मुलांनी आपल्या आवडीचं पुस्तक वाचायचं, त्यावर दीडशे-दोनशे शब्द लिहायचे, आणि पुस्तकात काय आहे ते एका मिनिटात बोलून त्याची ध्वनिफीत किंवा चित्रफीत संकेतस्थळावर चढवायची. ‘महावाचन उत्सव’ हे त्याचं नाव. आदल्या वर्षीही हा उत्सव झाला होता आणि त्याचे सदिच्छादूत होते अमिताभ बच्चन. तिसरी ते पाचवीचा गट या उत्सवात वेगळा ठेवला होता, हे फार बरं झालं. आठ वर्षांच्या मुलाला एक पान वाचायला जे कष्ट पडतात ते मोठ्या मुलांना, आणि आपल्यालाही, आता आठवत नाहीत.

या सगळ्या खटाटोपात सगळ्यात मोलाचं काय असेल, तर ते एक मिनिट. पुस्तक वाचून झाल्यावर मूल त्याबद्दल कुणाला तरी सांगतं, ते मिनिट. बाकी नोंदणी, आकडे, प्रमाणपत्रं ही त्यामागची व्यवस्था.

रत्नागिरी जिल्ह्यात हे मिनिट कसं घडतं ते पाहण्यासारखं आहे. इथल्या कितीतरी शाळा वाडीवरच्या, द्विशिक्षकी, पटावर पंधरा-वीस मुलं. घरात स्मार्टफोन असला तरी तो बाबांचा. सकाळी त्यांच्याबरोबर बागेत, बंदरावर किंवा कामावर जातो आणि दिवेलागणीला परत येतो. पावसाळ्यात वीज जाते, डोंगराआड रेंज नसते, मग फोन घेऊन सड्यावर किंवा रस्त्याच्या वळणावर जाऊन उभं राहायचं. त्यामुळे ‘घरी वाचा आणि अपलोड करा’ असं म्हटलं की शेवटी बरंचसं काम गुरुजींच्या किंवा बाईंच्या फोनवर येऊन पडतं. मुलं एकेक करून समोर उभी राहतात, बाई ‘हं, बोल’ म्हणतात, मागे पत्र्यावर पाऊस वाजत असतो. त्या ध्वनिफितीत पाऊसच जास्त ऐकू येत असेल, पण मूल बोललं ना! वर्गात कधी तोंड न उघडणारं मूल फोनसमोर बोलतं, याचं अप्रूप शिक्षकांनाच जास्त असतं.

मात्र दीडशे शब्द लिहिण्याआधी वाचता आलं पाहिजे. ‘असर’ या ग्रामीण भारताच्या पाहणीनुसार 2022 मध्ये सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं देशभरात 16.3 टक्के होती. 2024 मध्ये ती 23.4 टक्क्यांवर आली. कोविडनं केलेली पडझड भरून निघाली, हे मोठंच काम झालं. तरीही चारांतली तीन मुलं मागेच आहेत. किती पुस्तकं वाचली हे मोजणारं वाचन-आव्हान या तिघांपुढे ठेवलं तर ती पहिल्याच दिवशी हरतात. आधीच चांगलं वाचणाऱ्याला बक्षीस आणि अडखळणाऱ्याला आणखी एक अपयश, अशी ती स्पर्धा होते.

अडखळणाऱ्या मुलाला फोनचा खरा उपयोग इथेच होतो. गुगलनं 2019 मध्ये ‘बोलो’ नावाचं ॲप भारतात आणलं, पुढे त्याचं नाव ‘रीड अलाँग’ झालं. त्यात मराठी गोष्टीही आहेत. मूल गोष्ट मोठ्यानं वाचतं आणि फोन ऐकत राहतो. शब्द बरोबर आला की पुढे जायचं, अडला तर ‘दिया’ नावाची चित्रातली मुलगी तो म्हणून दाखवते. वाचत जाईल तसे तारे मिळतात. ‘स्वयंपाक’ किंवा ‘उत्सुक’ यांसारख्या जोडाक्षरी शब्दांपाशी थांबलेल्या मुलाला चारचौघांत हसं होण्याची धास्ती नसते. फोन दहा वेळा तोच शब्द ऐकून घेतो आणि कंटाळत नाही. वर्गात एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाला प्रत्येकासाठी एवढा वेळ कुठून मिळणार?

गोष्टींचा तुटवडाही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. प्रथम बुक्स या संस्थेनं 8 सप्टेंबर 2015 रोजी, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, ‘स्टोरीवीव्हर’ हे मोफत संकेतस्थळ सुरू केलं. तिथली पुस्तकं चार पायऱ्यांत लावलेली आहेत. पहिल्या पायरीवर पानाला एखादं वाक्य आणि मोठं चित्र, चौथ्या पायरीवर दीड हजार शब्दांच्या पुढची गोष्ट. शाळा बंद होत्या त्या कोविडकाळात राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, युनिसेफ आणि प्रथम बुक्स यांनी मिळून ‘गोष्टींचा शनिवार’ सुरू केला. दर शनिवारी इयत्तेनुसार गोष्टीचा दुवा शिक्षकांमार्फत पालकांच्या व्हॉट्सॲपवर यायचा, सोबत एखादी छोटीशी कृतीही असायची. त्यात ना पहिला नंबर, ना शेवटचा. शनिवार आला की नवी गोष्ट येणार, एवढीच ओढ. उपक्रमाची ही बांधणी फार शहाणपणाची होती.

स्पर्धेचा मुद्दा जरा ताणून धरावासा वाटतो. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मनापासून आवडत होतं, त्यांतल्या काहींना सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि लाल फीत असलेलं प्रमाणपत्र मिळेल. त्यांनी चित्रं काढली, प्रमाणपत्रं घेतली. पुढे मोकळ्या वेळात तेच पेन समोर आले, तेव्हा ही मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रांत रमली. म्हणजे आधी जे हौसेनं होत होतं ते आता मोबदल्याचं काम झालं. वाचनाचंही असंच होऊ शकतं. 2008 मध्ये मारिनाक आणि गॅम्ब्रेल या दोन अभ्यासकांनी तिसरीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात याचा उतारा सापडतो. बक्षीस म्हणून खेळणं-बिळणं न देता पुस्तकच दिलं, तर वाचनाची गोडी कमी होत नाही. आपल्याकडे सत्काराला नारळ आणि शाल देण्याची रीत जुनी आहे. शाळांनी मुलांच्या बाबतीत ती बदलून टाकावी, पदक नको, पुस्तक हातात द्यावं.

ब्रिटनमध्ये 1999 पासून सार्वजनिक ग्रंथालयांमार्फत उन्हाळी सुट्टीतलं वाचन-आव्हान चालतं. चार ते अकरा वर्षांची मुलं आपल्या मनानं पुस्तकं निवडतात. विनोदांचं चालतं, चित्रकथाही चालते. त्याला आता संकेतस्थळाची जोड आहे, तरी मूल ग्रंथालयात येऊन तिथल्या माणसाला पुस्तकाबद्दल सांगतं, हा भाग टिकून आहे. पुन्हा तेच एक मिनिट.

पडद्यावर वाचलेलं डोक्यात राहतं का, अशी शंका पालक विचारतात आणि ती रास्त आहे. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांवरच्या 39 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. कागदाचं पुस्तक जसंच्या तसं पडद्यावर टाकलं, तर कागदच सरस ठरतो. पण पडद्यावरच्या करामती गोष्टीला धरून असतील, तर पडदाही मागे पडत नाही. म्हणजे मोबाईल हे पुस्तकापर्यंत जायचं दार असावं, पुस्तकाची सुट्टी नव्हे.

आणि रत्नागिरीला दारापलीकडे पुष्कळ काही आहे. इथलं नगर वाचनालय 1828 सालचं, राज्यातल्या सगळ्यात जुन्या ग्रंथालयांपैकी एक. केशवसुतांचं मालगुंड रत्नागिरी तालुक्यातच. साने गुरुजींचं पालगड याच जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यात. गुरुजी 1950 मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांवरचा स्वामित्वहक्क 2011 पासून संपला आहे, त्यामुळे ‘श्यामची आई’ कोणत्याही शाळेला फोनवर, संगणकावर मोफत देता येते. पालगडच्या आसपासच्या मुलांना श्यामची नदी, श्यामचं देऊळ ही ओळखीची वाटतात. असं भाग्य दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलांना नाही. बालभारतीनं 1971 पासूनचे ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. आजोबांनी लहानपणी वाचलेला अंक नातवाला दाखवता येतो, त्यावर दोघांना बोलता येतं.

मग रत्नागिरीतल्या शाळांनी स्वतःचं आव्हान उभारायला काय हरकत आहे? त्यात पुस्तकं किती वाचली हे कुणी मोजू नये. आठवड्याला एक गोष्ट, आपल्या पायरीची. शाळेत ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आहेच, त्या दिवशी वाचावी. ज्याच्या घरी फोन नाही त्यानं शाळेच्या फोनवरून वाचावी किंवा ग्रंथपेटीतली घ्यावी. आणि मग एका मिनिटाची ध्वनिफीत. पण ती संकेतस्थळावर नंतर जावो, आधी मुंबईला जावी. या जिल्ह्यात घरटी कुणीतरी मुंबईत चाकरमानी आहे, वडील, काका, मामा, आत्या. लोकलमध्ये उभ्या उभ्या त्यांनी आपल्या पोराचा आवाज ऐकावा आणि उलट एक प्रश्न पाठवावा, ‘मग पुढं त्या कासवाचं काय झालं रे?’ त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मूल पुस्तक पुन्हा उघडेल.

तेव्हा गावाकडून फोनवर असा आवाज आला, तर ‘छान’ म्हणून अंगठा पाठवून मोकळं होऊ नका. पूर्ण ऐका, आणि एक प्रश्न विचारा. गणपतीला गावी याल तेव्हा पिशवीत मुलांसाठी एक गोष्टीचं पुस्तक टाका.