चिऱ्यातला ऱ्या : ब्राउझरच्या आवृत्त्या आणि आपले अक्षर



साहित्य संस्थेच्या व्याख्यानमालेत ब्राउझर हा विषय कशाला, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. कविता, नाटक, संतवाङ्मय हे विषय येथे शोभतात. ब्राउझर म्हणजे काय, तर मोबाइलवर किंवा संगणकावर संकेतस्थळ उघडून दाखवणारा प्रोग्रॅम. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज ही त्यांची नावे. कोणी त्याला ‘न्याहाळक’ असाही शब्द योजला आहे. तो बनवणारे आणि त्याच्यासाठी पाने बनवणारे वेब डेव्हलपर नव्या आवृत्तीत काय आले, काय गेले, याची आपसांत सतत तुलना करीत असतात. ती चर्चा तुमच्या-माझ्या कानांवर पडत नाही. परंतु आज आपल्या घरातले मराठी वाचन जेवढे कागदावर होते, तेवढेच किंवा त्याहून अधिक या खिडकीतून होते. खिडकीची काच वाकडी असली तर बाहेरचे माणूसही वाकडे दिसते. म्हणून हा विषय साहित्याचाच आहे, असे मी मानतो.

अक्षर यंत्रात बसते की नाही, हा प्रश्न गोव्याला नवा नाही. हिंदुस्थानात छापखाना पहिल्यांदा आला तो गोव्यात, १५५६ साली. त्यानंतर साठ वर्षांनी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ सासष्टीत राशोल येथे छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, आणि छपाई मात्र रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. अस्सल मराठी ग्रंथ, पण यंत्रात अक्षर नाही म्हणून परक्या लिपीच्या वेषात लोकांपुढे आला. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे जे सांगणार आहे त्याचे बीज तिच्यात आहे.

आता एकदम १९९७ सालात येऊ. इंटरनेट आपल्याकडे नुकतेच पोचत होते आणि मराठी दैनिके आपापली पाने त्यावर चढवू लागली होती. संगणकाला त्या वेळी इंग्रजी अक्षरांपुरत्याच जागा ठाऊक. मग युक्ती अशी की, इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरी अक्षराचा तुकडा बसवायचा. अमुक जागी काना, तमुक जागी अर्धा क. हा बसवलेला फॉन्ट तुमच्या संगणकात असेल तर बातमी दिसे, नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा. फॉन्ट पानाबरोबरच पाठवण्याची सोय त्याच वर्षी दोन कंपन्यांनी केली. पण नेटस्केपने एक पद्धत काढली आणि मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने दुसरी, आणि एकाची दुसऱ्याला कळेना. ज्याच्या घरी एक्सप्लोरर त्याला मराठी दिसे, दुसरा ब्राउझर वापरणारा कपाळाला हात लावी. पुढे फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाची एक पुरवणी निघाली, ती अशा पानांवरील मजकूर नव्या संकेतपद्धतीत फिरवून दाखवी.

ही नवी पद्धत म्हणजे युनिकोड. तिच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतःच्या जागा मिळाल्या. परंतु जागा मिळणे वेगळे आणि अक्षर नीट जुळून दिसणे वेगळे. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली. विंडोज एक्सपीत ती सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम चालू करावी लागे. ब्राउझरांचे तर आणखी निराळे. फायरफॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत मजकूर दोन्ही बाजूंनी समासाला जुळवला, म्हणजे वर्तमानपत्रात असतो तसा केला, की देवनागरीच्या मात्रा आणि जोडाक्षरे विखरून जात. हे दुखणे जून २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत बरे झाले, कारण तिच्यात मजकूर मांडण्याचे यंत्रच नव्याने लिहिले होते. ती आवृत्ती एका दिवसात ऐंशी लाखांवर लोकांनी उतरवून घेतली, त्याचा गिनीज विक्रम झाला. त्या विक्रमाच्या बातम्या सर्वत्र आल्या. मराठी काना आपल्या अक्षराला परत चिकटला, याची बातमी कोणी छापली नाही. साध्या मोबाइलवर ऑपेरा मिनी वापरणाऱ्यांना आणखी एक उपाय ठाऊक होता : त्याच्या गुप्त सेटिंगमध्ये जाऊन अवघड लिपी चित्रासारखी मागवायची. आपल्याच अक्षराचे छायाचित्र मागवून वाचण्याचे दिवस होते ते.

तेव्हापासून काय बदलले? पुष्कळ बदलले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. नव्या फोनमध्ये देवनागरी फॉन्ट घातलेलाच येतो. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. एज २०२० मध्ये क्रोमच्याच इंजिनावर गेला. आज मुख्य इंजिने तीनच : क्रोम-एजचे ब्लिंक, सफारीचे वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको. क्रोम आणि फायरफॉक्स दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती काढू लागले. कोणती सोय कोणत्या आवृत्तीत आली याचे तक्ते संकेतस्थळांवर असतात, ते पाहून डेव्हलपर ठरवतात की ती आपल्या पानात वापरायची का. या कंपन्यांनीही २०२२ पासून ‘इंटरॉप’ नावाने एकत्र येऊन सर्व ब्राउझरांवर एकच चाचणी सारखी उतरावी असा वार्षिक उपक्रम चालवला आहे.

आता तुम्ही विचाराल, सर्व काही सुरळीत आहे, तर तक्रार कसली? तक्रार अशी की या तक्त्यात ‘होय’ असे लिहिलेले असते ते बहुधा इंग्रजी मजकुरावर पारखून. मराठीवर काय होते ते मराठी माणसानेच पाहावे लागते. चार उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण आपल्या घराच्या भिंतीतले. आपली घरे चिऱ्याची. या ‘चिऱ्या’तला ऱ्या मराठीचा खास. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. मोरजीच्या माणसाला दर्या आणि सत्तरीच्या माणसाला दऱ्या. ‘आचार्यांना’ जेवायला बोलवा आणि ‘आचाऱ्यांना’ रांधायला. हिंदीला हा भेद लागत नाही, म्हणून देवनागरी म्हणजे हिंदी असे समजून केलेल्या फॉन्टांत तो राहून जातो. शिवाय हा ऱ्या संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एक, नुक्ताचा ‘ऱ’ घेऊन, दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. ज्या संकेतस्थळाने ही दोन रूपे एक मानण्याची तजवीज केलेली नाही, तेथे ‘शेतकऱ्यांची’ यादी शोधताना अर्धे शेतकरी सापडणार नाहीत.

दुसरे उदाहरण मोजणीचे. ‘डिचोली’ या शब्दात अक्षरे किती? शाळेतले पोर सांगेल तीन. संगणक सांगतो सहा : ड, वेलांटी, च, ओकार, ल, वेलांटी. ‘पेडणे’ तीन अक्षरांचे, संगणकाच्या हिशेबात पाच. ‘श्री’ एक अक्षर, हिशेबात चार. नावाच्या रकान्यात वीसच्या वर अक्षरे घालता येणार नाहीत अशी मर्यादा डेव्हलपरने इंग्रजी नाव मनात धरून घातली, की आपली देवांची लांबलचक नावे मध्येच तुटतात. अक्षर कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे ब्राउझरला विचारण्याची सोय आता आहे. ती क्रोममध्ये २०२० साली, सफारीत २०२१ साली आणि फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ मध्ये आली. पण तिच्यातही मेख होती. ‘क्ष’ आणि ‘श्री’ ही जोडाक्षरे युनिकोडचा जुना नियम दोन तुकड्यांत मोजत असे. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत नियम बदलला आणि देवनागरीचे जोडाक्षर एक धरले जाऊ लागले. म्हणजे ‘श्री’ हे एकच अक्षर आहे, ही आपल्याला पाटीवर पहिल्या दिवशी कळलेली गोष्ट जागतिक नियमात यायला १९९१ पासून बत्तीस वर्षे लागली. आणि नियम आला तरी जुन्या फोनवरच्या जुन्या ब्राउझरात तो नाही.

तिसरे उदाहरण वळणाचे. मराठी ल आणि श यांची वळणे हिंदीहून निराळी. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची वळणे निश्चित केली आहेत. चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणे असतात. ब्राउझर योग्य वळण तेव्हाच निवडतो, जेव्हा पानाच्या माथ्यावर ‘ही भाषा मराठी’ असे सांगणारी खूण असते. ती दोन अक्षरांची खूण घालायला खर्च शून्य. पण इंग्रजी पानाचा साचा उचलून त्यात मराठी ओतली की माथ्यावर इंग्रजीचीच खूण राहते. मग वळण हिंदीचे येते. आणि अंध वाचकासाठी पान वाचून दाखवणारा प्रोग्रॅम या खुणेवरूनच आवाज निवडतो, त्यामुळे मराठी मजकूर इंग्रजीच्या गळ्यातून निघतो किंवा निघतच नाही.

चौथे उदाहरण शोभेचे. इंग्रजी शीर्षकात अक्षरे सुटी-सुटी ठेवण्याची हौस असते. तीच आज्ञा मराठी शीर्षकाला लागू केली की शिरोरेषा तुटते आणि ‘नमस्कार’ दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले की वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. येथे दोष ब्राउझरचा नाही, पाहणाऱ्याच्या डोळ्याचा आहे. ज्याने पान तपासले त्याने मराठी वाचून तपासले नाही.

आता हे आपल्याला का बोचावे? पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले महाल. आपल्या पूर्वजांनी परक्या राज्यातही मराठी टिकवली ती देवळातल्या कीर्तनात, दशावताराच्या रंगमंचावर, शेणैमामांच्या शाळेत. त्यांना कोणी सोय करून दिली नव्हती. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय वापराची वाट राहिली. त्या वादात मी आज शिरत नाही. देवनागरी कोकणीचीही दुखणी थोड्याफार फरकाने हीच आहेत, आणि त्यांवरचा उपाय दोघींना मिळून करता येईल. मला भय आहे ते वेगळे. अक्षर तुटके दिसले, नाव रकान्यात मावले नाही, शोधून सापडले नाही, तर तरुण मूल भांडत बसत नाही. ते मुकाट्याने रोमन अक्षरांत मराठी लिहू लागते. चवथीची आमंत्रणे, आजीला पाठवलेला निरोप, सारे रोमनमध्ये. तुमच्या घरात हे चालू आहे की नाही, ते आज घरी गेल्यावर पाहा. चारशे वर्षांपूर्वी खिळे नव्हते म्हणून मराठी रोमनमध्ये गेली. आज खिळे आहेत, आणि तरी ती जाते आहे.

उपाय मोठा नाही. मुद्रितशोधक हा शब्द या सभागृहात सर्वांना माहीत आहे. छापील पुस्तकाला जसा तो लागतो तसा पडद्यालाही लागतो. माझी सूचना अशी की प्रत्येकाने कसोटीचे एक वाक्य मनात ठेवावे : ‘श्री रवळनाथाच्या देवळाजवळ चिऱ्यांच्या कौलारू घरात वाङ्मयाची क्षमता वाढली.’ कोणत्याही नव्या संकेतस्थळाच्या रकान्यात हे लिहून पाहा. ऱ्या नीट आला का, ङ्म जुळला का, क्ष एकसंध राहिला का, उकार कापला का, शेवटचा शब्द मावला का? मग तेच फोनवर पाहा, कारण संगणकावर ठीक दिसलेले फोनवर बिघडू शकते. आयफोनवर आपल्याकडे कोणत्याही नावाचा ब्राउझर घेतला तरी आत इंजिन सफारीचेच असते, म्हणून दोन निरनिराळे फोन घ्यावेत.

चूक सापडली तर ती कळवता येते, हे फार थोड्यांना माहीत असते. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी, तिन्हींच्या इंजिनांत दोष नोंदवण्याची वही सर्वांना खुली आहे, आणि ब्राउझरांच्या सामाईक चाचण्यांत नवी चाचणी कोणीही सुचवू शकतो. तुमच्यापैकी अनेकांच्या मुली, सुना, नातू पुण्या-बंगळुरात हेच काम करतात. त्यांना यंत्र कळते, तुम्हाला अक्षर कळते. एका संध्याकाळी दोघांनी शेजारी बसून एक दोष नीट लिहून पाठवला, तर तो सुधारल्यावर फायदा मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला होतो. आपल्या संस्थेने आपल्या संकेतस्थळापासून आरंभ करावा, माथ्यावर मराठीची खूण घालावी, आणि दरवर्षी या व्याख्यानमालेच्या सुमारास एकदा ते सर्व ब्राउझरांवर उघडून वाचावे. वाचणारे डोळे आपल्याकडे आहेत. या वर्षीच्या पुस्तिकेची मुद्रिते तपासायला जे बसतील, त्यांनी त्याच बैठकीत हेही काम घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.