आधी उचलता येईल ती गाडी



मूळचा मी साताऱ्याकडचा. फौजेतली शेवटची पोस्टिंग चंडीमंदिरला झाली, मुलगी इकडेच नोकरीला लागली, म्हणून निवृत्तीनंतर डेराबस्सीत घर केलं. चंदीगडहून अंबाल्याकडे निघालात, घग्गर नदी ओलांडलीत की आमचं गाव.

गेल्या महिन्यात कऱ्हाडहून पुतणीचा फोन आला. "काका, मला ट्रायल्स शिकायचंय. दोन लाख साठलेत, थोडं कर्ज काढीन. कोणती मोठी गाडी घेऊ?" तिच्या मागून माझ्या धाकट्या भावाचा आवाज, "दादा, तूच सांग, आणि जबाबदारीही तूच घे." मी म्हटलं, "आधी त्यातला 'मोठी' हा शब्द काढून टाक." असं का म्हणालो, तेच आज तुम्हाला सांगतो.

ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. दगड, ओंडके, चढ, ओढा अशा अडथळ्यांचा आखलेला टप्पा पाय न टेकता पार करायचा. एकदा पाय टेकला तर एक गुण दंड, दोनदा टेकला तर दोन, तीन किंवा जास्त वेळा टेकला तर तीन. पडलात किंवा हद्दीबाहेर गेलात तर पाच. ज्याचा दंड सर्वांत कमी, तो जिंकला. बहुतेक वेळ गाडी माणसाच्या चालीनेच चालते. इथे कस लागतो तो तोल, क्लच आणि थ्रॉटल यांचा.

आता माझी चूक. निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर मी जवळजवळ दोनशे किलोची अॅडव्हेंचर गाडी घेतली. वाटलं, तरुणपणी फौजेत गाडी शिकलोय, आपल्याला काय होतंय! हिवाळ्यात घग्गरच्या कोरड्या पात्रात एकटाच गेलो. वेग चालण्याइतका. पुढचं चाक गोट्यावरून घसरलं, गाडी डावीकडे कलली आणि सावरायला मी पाय खाली टाकला. दोनशे किलो एका घोट्यावर आले. पाय गाडीखाली, गाडी उचलेना, फोन खिशात दबलेला. वीस-पंचवीस मिनिटांनी वाळूकडे निघालेल्या ट्रॅक्टरवरच्या दोन पोरांनी मला बाहेर काढलं. घोट्यात आजही प्लेट आहे.

मला तेव्हा आमचे उस्ताद आठवले. शिकवताना पहिल्या दिवशी त्यांनी कोणालाच गाडी चालवू दिली नाही. गाडी आडवी केली आणि म्हणाले, "उठाओ." ज्याला उचलता आली, तोच दुसऱ्या दिवशी तिच्यावर बसला. इतका साधा धडा मी साठीत विसरलो.

पुतणी म्हणाली, "पण बुलेटवरही ट्रायल्स जिंकल्यात ना लोकांनी?" जिंकल्यात. जॉनी ब्रिटनने 1952 आणि 1957 साली स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल रॉयल एनफिल्डवर जिंकली. पण ती गाडी ट्रायल्ससाठी तयार केलेली होती, आणि वर बसलेला माणूस घडलेला होता. पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. सॅमी मिलरने 1964 साली हीच स्पर्धा 500 सीसीच्या एरियलवर जिंकली. पुढच्याच वर्षी तो बुल्टाकोच्या हलक्या टू-स्ट्रोक गाडीवर आला आणि पुन्हा जिंकला. जगज्जेत्या दर्जाचा माणूस जड गाडी सोडतो, मग आपण शिकाऊ लोकांनी ती का धरावी?

खास ट्रायल्सच्या गाड्या, म्हणजे गॅसगॅस, बीटा, शेर्को, माँटेसा, साधारण सत्तर किलोच्या असतात. बसायला सीट जवळजवळ नसतेच. आपल्याकडे त्या बाहेरून आणाव्या लागतात, आयात शुल्क पडतं, सुटे भाग सहज मिळत नाहीत आणि मैदानापर्यंत टेम्पोतून न्याव्या लागतात. पहिली गाडी म्हणून ती नकोच.

हीरोची एक्सपल्स 200 चांगली आहे, उंच आहे, कच्च्या रस्त्यावर मजा देते. पण वजन दीडशे किलोच्या वर. उंची आणि ताकद असेल तरच तिच्याकडे वळा. शिकायला माझं मत जुन्या 100 सीसीच्या गाडीला. स्प्लेंडरसारखी गाडी एकशे दहा किलोच्या आसपास. सुटे भाग गल्लीत मिळतात, आणि पडून इंडिकेटर तुटला तर जीव हळहळत नाही.

विकत घेण्याआधी तीन परीक्षा घ्या. पहिली, मालकाला विचारून गाडी पोत्यांवर आडवी करा आणि एकट्याने उचला. गाडीकडे पाठ करून बसा, हँडल आणि मागची दांडी धरा, जोर पायांचा लावा, कमरेचा नको. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधी काढून ठेवा. दुसरी, फूटरेस्टवर उभे राहा. हँडल धरायला वाकावं लागत असेल तर हँडल उंच करावं लागेल. तिसरी, पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चालवा. धक्के न देता क्लच धरत असेल तर गाडी कामाची.

बदल थोडेच करा. पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान घातलं की पहिला गिअर आणखी संथ होतो. इंजिनाखाली जाड पत्रा लावा. सरावाला टायरमधली हवा थोडी कमी करा, फार नको, कारण ट्यूब दगडावर चिमटते. रस्त्यावर येण्याआधी हवा पुन्हा भरा. नोंदणीपत्राशी न जुळणारे बदल केलेली गाडी रस्त्यावर आणू नका. उरलेले पैसे हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि घोट्याच्या वर येणाऱ्या बुटांवर घाला. घोट्याचं मी अनुभवाने सांगतोय. आणि सरावाला एकटं जाऊ नका.

पुतणीने कर्ज काढलं नाही. जुनी 100 सीसीची गाडी घेतली. पहिल्या रविवारी तिचा व्हिडिओ आला. त्यात ती गाडी चालवत नव्हती. शेतात आडवी पडलेली गाडी तिने उचलली, पुन्हा पाडली, पुन्हा उचलली. पाच वेळा. मागे तिचा बाप मोजत उभा होता.

मी भावाला फोन केला. म्हटलं, "आता जबाबदारी घेतो."

पुढच्या वेळी क्लचवर बोलू. तोवर गाडी उचलायचा सराव करा. जय हिंद.