पुंडलिकाचे काम कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



पुंडलिकाची कथा न ऐकलेला माणूस महाराष्ट्रात विरळाच. साक्षात परमेश्वर दारी आला असता हा गृहस्थ आईवडिलांच्या सेवेत गुंतला होता. त्याने वीट पुढे सारली आणि देवाला थांबावयास सांगितले. कीर्तनकार या कथेतून मातृपितृभक्तीचा महिमा वर्णितात. तिच्यातील एका साध्या गोष्टीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सेवा करणारा मुलगा होता, सून नव्हती. ज्या समाजाने ही कथा शतकानुशतके गायिली त्याच समाजाने ते काम निमूटपणे सुनेच्या आणि लेकीच्या स्वाधीन केले, आणि पुण्य तेवढे मुलाच्या नावे जमा केले.

एकत्र कुटुंब मोडले म्हणून वृद्धांचे हाल होऊ लागले, असे व्यासपीठांवरून नित्य सांगितले जाते. एकत्र कुटुंबात हे काम कोण करीत होते, हे मात्र कोणी विचारत नाही. २०१९ साली देशात झालेल्या कालविनियोग पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले. घरातील माणसांच्या विनावेतन संगोपनात आणि शुश्रूषेत भाग घेणाऱ्या स्त्रियांचा वेळ १३४ मिनिटे होता, पुरुषांचा ७६. आणि अशा पुरुषांची संख्याच मुळात निम्म्यावर होती. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील माणसे दहा कोटींहून अधिक भरली. २००७ साली मातापित्यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्या कायद्याने मुलाकडून पैसे मिळवता येतात. परंतु रात्री दोन वाजता कूस कोण पालटून देणार, याचे उत्तर कोणत्याही कायद्यात नाही.

हे काम नेमके काय असते? अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाडापाशी कातडी लाल होते आणि पाहता पाहता जखम पडते. पेज भरवायची तर आधी नीट बसते करून, एक घास घशाखाली उतरल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा लागतो. ओली चादर रोग्याला न उठवता काढणे, कोमट पाण्याने अंग पुसताना पडदा ओढून घेण्याचे भान ठेवणे, एकच प्रश्न तासात दहा वेळा आला तरी दहाव्यांदाही त्याच स्वरात उत्तर देणे, ही सारी कौशल्येच आहेत. त्यांना कौशल्य म्हटले जात नाही, कारण ती बायकांना जन्मतःच येतात असा सोयीस्कर समज आहे.

या कामात आनंद असतो काय? असतो, आणि तो नाकारणे हे काम करणाऱ्यांवर अन्याय करण्यासारखे आहे. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेले गृहस्थ महिनाभराच्या खटपटीनंतर डाव्या हाताने कप ओठांपर्यंत नेतात, तेव्हा त्या घोटात शेजारी उभ्या असलेल्या बाईचाही वाटा असतो. पोटच्या मुलाचे नाव विसरलेल्या एखाद्या आजी जात्यावरच्या ओव्या मात्र एकामागून एक म्हणतात, आणि मराठवाड्यातल्या एखाद्या गावातून शहरात कामाला आलेल्या स्त्रीला त्यात आपल्या आजीचा आवाज ऐकू येतो. म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, ही म्हण येथे फार घात करते. ऐंशी वर्षांच्या माणसापाशी ऐंशी वर्षांचा संसार, श्रम, मते आणि रुसवे असतात. त्यांचा मान राखूनच त्याला जेवू घालावे लागते. हे ज्याला उमगले त्याला या कामात गोडी वाटू लागते.

परंतु ही गोडी एका अटीवर टिकते. माणसाला मधून मधून त्या खोलीबाहेर पडता आले पाहिजे. जी सून तीन वर्षे एका रात्रीचीही सलग झोप घेऊ शकलेली नाही, तिला सेवेतील समाधानाचे पाठ देणे ही क्रूर थट्टा होय. शहरांतून हेच काम पगारावर करणाऱ्या स्त्रियांची स्थिती निराळी नाही. ब्युरोमार्फत बारा तासांची किंवा चोवीस तासांची ड्यूटी लागते. घरोघरी तिला मावशी म्हणतात. पण या मावशीची रजा, आजारपण, म्हातारपण यांची जबाबदारी घेणारा कोणीच नसतो. रोगी दगावला की त्याच दिवशी काम सुटते.

याच महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांसाठी आणि १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी मंडळांचे कायदे केले. नोंदणी, वेतन, भविष्यनिर्वाह निधी यांची व्यवस्था त्यांत आहे. म्हणजे इमारतीच्या फाटकावरील रक्षकाला कायद्याने मंडळ आहे, आणि त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका जिवाचे रक्षण करणाऱ्या स्त्रीला तसे मंडळ नाही. २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा नोंदणी आणि कल्याण योजना यांपलीकडे जात नाही. तो वेतन ठरवीत नाही की कामाचे तास.

घरातील शुश्रूषेचा भार गावाने वाटून घेता येतो, याचा दाखला केरळात आहे. १९९३ साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात काही डॉक्टरांनी वेदनाशमनासाठी एक संस्था काढली. आरंभी कर्करोगाचे रोगी येत. लवकरच ध्यानात आले की ज्याला अंथरुणावरून हलता येत नाही तो दवाखान्यात येणारच नाही. दवाखान्यालाच त्याच्या घरी जावे लागेल. या शतकाच्या आरंभी मलप्पुरम जिल्ह्यात आणि आसपास गावोगावचे लोक यात उतरले. आठवड्यातून किमान दोन तास देणाऱ्यांना सोळा तासांचे शिक्षण आणि त्यानंतर प्रत्यक्ष कामाचा अनुभव देण्यात येई. परिचारिका आणि स्वयंसेवक मिळून घरोघर जात. गावातच गोळा झालेल्या छोट्या देणग्यांतून औषधे येत. इतकेच नव्हे, तर कर्त्या माणसाच्या आजारपणाने खचलेल्या घराला धान्य आणि मुलांच्या शाळेचा खर्चही मिळे. २००८ साली राज्य सरकारने याचे धोरण केले आणि पुढे पंचायतींनी गृहभेटींसाठी परिचारिका नेमल्या. घरी कोणी तरी नेमाने येते, एवढ्यानेच त्या घरातील स्त्रीची मान थोडी वर होते. तिला निदान विचारता येते, जखम सुकते आहे का आणि आपण करतो ते बरोबर आहे का.

यावर एक आक्षेप हटकून येतो, आणि तो रास्त आहे. स्वयंसेवकांचे कौतुक करता करता सरकार आपले अंग काढून घेईल. केरळातही हा धोका टळलेला नाही. गृहभेटींत सहभागी होणाऱ्या आशा कार्यकर्त्या १० फेब्रुवारी २०२५ पासून तिरुवनंतपुरम येथे सचिवालयासमोर धरणे धरून बसल्या. सात हजारांचे मानधन एकवीस हजार करावे, ही त्यांची मागणी होती. आणि सरकार त्या वेळी डाव्या आघाडीचे होते. हे येथे दडवून ठेवण्याचे कारण नाही. शेजाऱ्याने दोन तास देणे आणि जिची उपजीविकाच या कामावर आहे तिला पुरेसे वेतन देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीतील आनंदाची भाषा दुसरीच्या वेतनाच्या बोलणीत आणणे, ही मालकाची जुनी युक्ती आहे, मग मालक सरकार असो वा ब्युरो.

कार्यकर्त्यांपुढे म्हणून दोन कामे आहेत. एक, रोगी सांभाळणाऱ्या स्त्रियांची संघटना आणि माथाडींच्या धर्तीवर त्यांच्या मंडळाची मागणी. ते काम वर्षानुवर्षांचे आहे. दुसरे येत्या रविवारी सुरू होऊ शकते. मतदारयाद्या घेऊन वॉर्डातील प्रत्येक दार ठोठावण्याची सवय कार्यकर्त्यांना आहेच. त्याच दारांत, अंथरुणावर कोण आहे आणि त्याच्याजवळ रात्री कोण जागते, एवढे दोन प्रश्न विचारून यादी करावी. मग सरकारी दवाखान्यातील परिचारिकेकडून कूस बदलणे, भरवणे, अंग पुसणे शिकून घ्यावे, आणि आठवड्यातून एक दुपार त्या घरी बसावे, म्हणजे घरातील बाईला झोपता येईल. बसायला पुरुष कार्यकर्त्यांनी आधी जावे. चहा मात्र त्यांनी स्वतःच करून घ्यावा.