इतिहासाचा मेहनताना

(साक्री येथील ज्ञातिसंमेलनातील व्याख्यान)



आपल्या ज्ञातीचा साधार इतिहास लिहवून घ्यावा व त्यासाठी जाणत्या संशोधकास रीतसर मोबदला द्यावा, असा विचार आपल्यात सुरू आहे. विचार स्तुत्य आहे. परंतु मोबदला कशाचा द्यावयाचा आणि कशाचा नाही, हे आधीच ठरलेले बरे, असे आम्हांस वाटते.

या कामी आपल्या जिल्ह्यास थोर वारसा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास देह ठेवला आणि अवघ्या नऊ दिवसांनी, ९ जानेवारी १९२७ रोजी, तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला. पुढे तिचे बावीस खंड झाले. गावोगाव हिंडून, जुन्या घराण्यांची दप्तरे धुंडाळून त्यांनी हे कागद जमविले. या कामामागे पगाराची नोकरी नव्हती. परंतु असा विरक्त पुरुष शतकात एखादाच. ज्याच्या पाठीशी संसार आहे, त्याच्या श्रमाचे दाम आपण चुकविलेच पाहिजेत.

आणि हे श्रम थोडे नसतात. मोडी कागद आधी वाचावयाचा, मग त्याची बाळबोध नक्कल करावयाची. त्यातील सन जुळविणे हे तर स्वतंत्र शास्त्रच आहे. अरबी सनात ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. एकास दुसरा समजल्यास नऊ वर्षांचा फरक पडतो, आणि पणतू पणजोबाच्या आधी कारभार करू लागतो!

हा झाला श्रमाचा मोबदला. निष्कर्षाचा मोबदला मात्र देता येत नाही. भामेरचा किल्ला व तेथील लेणी, बळसाण्याची प्राचीन मंदिरे आपल्या तालुक्यातच आहेत. त्यांच्या निर्मात्यांशी आपल्या पूर्वजांचे नाते जोडले जावे, असा मोह कोणासही होईल. परंतु पुरावा नसता जोडलेले नाते म्हणजे विकत घेतलेली वंशावळ होय. तिला आपल्या मंडपात टाळ्या मिळतील. मंडपाबाहेर कोणी मानणार नाही. उलट, आपले पूर्वज साधे कष्टकरी होते, कर्ज काढून बी घेत होते, दुष्काळात गाव सोडून गेले होते, असे एखाद्या खतपत्रावरून सिद्ध झाले, तर त्यात उणेपणा कसला? त्यांनी तग धरला म्हणून आज आपण येथे जमलो आहोत.

म्हणून आमची सूचना अशी. संशोधकाशी लेखी करार करावा. मूळ कागद घराण्याकडेच राहावेत. नक्कल मात्र ज्ञातिसंस्थेत ठेवावी. कोणते विधान कोणत्या कागदावरून केले, हे त्याने नोंदवावे. तर्क असेल तेथे तर्क म्हणावे. आणि निष्कर्ष आम्हांस रुचो वा न रुचो, ठरलेली रक्कम पुरी दिली जाईल, हे कलम आपण होऊन घालावे.

तोवर प्रत्येक घराने एवढे करावे: जुने घर पाडण्यापूर्वी माळ्यावरचे रुमाल सोडून पाहावेत. वाचता येत नाही म्हणून कोणताही कागद रद्दीत घालू नये अथवा नदीत सोडू नये. संशोधक पुढील वर्षीही मिळेल. गेलेला कागद मिळणार नाही.