तळ्यातील दाटी आणि वेचक मासेमारी



मासे वाचवायचे तर लहान मासे मारू नयेत, हा नियम शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. बहुतेक पाण्यांत तो बरोबरही आहे. परंतु अमेरिकेच्या दक्षिणेकडील व मध्य-पश्चिमेकडील राज्यांत अशी असंख्य तळी आणि जलाशय आहेत, जिथे मत्स्यशास्त्रज्ञ नेमका उलट सल्ला देतात. बास जातीचे लहान मासे पकडा आणि ते परत पाण्यात सोडू नका. मधल्या आकाराच्या माशाला मात्र हात लावू नका, असे ते सांगतात. ऐकणाऱ्याला हा सल्ला प्रथम विचित्र वाटतो. त्यामागील शास्त्र समजून घेतले, तर नैसर्गिक साधनसंपत्तीच्या व्यवस्थापनातील एक मूलभूत प्रश्न समोर येतो: संवर्धन म्हणजे जिवांची संख्या राखणे, की त्यांच्या समूहाची रचना राखणे?

लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागातील गोड्या पाण्यात मूळचा आढळणारा शिकारी मासा. वसंत ऋतूत पाण्याचे तापमान १५ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, की नर उथळ पाण्यात तळ साफ करून घरटे करतो, मादी त्यात हजारो अंडी घालते आणि पिले बाहेर पडल्यानंतरही काही दिवस नर पहारा देतो. साचलेल्या पाण्यातही या माशाची वीण दरवर्षी होते, ही बाब विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. पिले आधी सूक्ष्म प्राणी, मग कीटक आणि लवकरच इतर मासे खाऊ लागतात. बासचे नेहमीचे भक्ष्य म्हणजे ब्लूगिल हा चपटा, लहान तोंडाचा मासा. तो एकाच हंगामात अनेकदा अंडी घालतो. तळ्यातील बहुतेक घडामोडी या दोघांच्या परस्परसंबंधावर अवलंबून असतात.

प्रत्येक तळ्याची एक धारणक्षमता असते आणि ती माशांच्या संख्येत नसून वजनात मोजली जाते. एखादे तळे ४० किलो बास पोसू शकते असे उदाहरणादाखल धरले, तर ते ४० किलो म्हणजे प्रत्येकी एक किलोचे ४० मासे असू शकतात किंवा पाव किलोचे १६० मासे. पाण्याच्या दृष्टीने दोन्हींचे ओझे सारखेच; पण दुसऱ्या तळ्यातील मासा वर्षानुवर्षे पाव किलोचाच राहतो. बासचे वजन एक किलोने वाढण्यासाठी स्थूलमानाने १० किलो भक्ष्य लागते असे मानले जाते, शिवाय केवळ जगण्यासाठी लागणारे अन्न वेगळेच. तोंडे वाढली की सारे अन्न जगण्यातच खर्ची पडते आणि वाढीसाठी काही उरत नाही. मत्स्यशास्त्रात याला वाढ खुंटणे म्हणतात. अशा तळ्यातील बास रोगट नसतो. तो अर्धपोटी असतो. डोके मोठे, पोट खपाटीला गेलेले आणि वयाने पाच-सहा वर्षांचा असूनही लांबीने जेमतेम २५ ते ३० सेंटिमीटर, असे त्याचे रूप असते.

या विषयाच्या अभ्यासाची सुरुवात शेततळ्यांपासून झाली. १९३० च्या दशकात अमेरिकेत जमिनीची भयंकर धूप झाली, १९३५ मध्ये तेथे मृदसंधारण सेवा स्थापन झाली आणि शेतकऱ्यांना तळी खोदण्यास उत्तेजन मिळाले. या तळ्यांत कोणते मासे किती सोडावेत, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास अलाबामा राज्यातील ऑबर्न येथील कृषी प्रयोग केंद्रात होमर स्विंगल यांनी केला. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधात ‘संतुलित’ आणि ‘असंतुलित’ मत्स्यसमूह ही संकल्पना मांडलेली आहे. अनेक तळी पूर्ण उपसून, त्यांतील प्रत्येक मासा मोजून आणि तोलून त्यांनी दोन गुणोत्तरे काढली. भक्ष्य माशांचे एकूण वजन हे शिकारी माशांच्या वजनाच्या ३ ते ६ पट असावे, हे पहिले. एकूण वजनापैकी खाण्यायोग्य आकाराच्या माशांचा वाटा ६० ते ८५ टक्के असावा, हे दुसरे. संगणकाचा प्रसार होण्यापूर्वीच्या काळात तराजू आणि जाळ्याच्या बळावर झालेले हे काम आजही या शाखेचा पाया मानले जाते.

संतुलन दोन्ही बाजूंनी ढळू शकते. बासची बेसुमार मासेमारी झाली, तर ब्लूगिलची संख्या भरमसाट वाढते. सारे ब्लूगिल बोटभर लांबीचे राहतात आणि ते बासची अंडीही खातात. मग बासची नवी पिढी उभीच राहत नाही आणि तळे त्याच स्थितीत अडकून पडते. याउलट बासची गर्दी झाली, तर ते ब्लूगिलची बहुतेक पिले फस्त करतात; जे थोडे ब्लूगिल वाचतात ते हाताच्या पंजाएवढे मोठे होतात, बास मात्र उपाशी राहतात. दोन्ही अवस्था स्वतःलाच टिकवून धरतात. केवळ वाट पाहून त्यांतून सुटका होत नाही, म्हणून मानवी हस्तक्षेप आवश्यक ठरतो.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या चतुर्थकात चिंता होती ती पहिल्या प्रकाराची. नवा तलाव मासेमारीला खुला झाला की पहिल्या काही दिवसांतच त्यातील बासचा मोठा हिस्सा गळाला लागत असे. त्यावर उपाय म्हणून राज्यांनी किमान लांबीची मर्यादा घातली. ठरावीक लांबीपेक्षा लहान बास पकडला तर तो सोडून द्यावा लागे. त्याच सुमारास हौशी मासेमारांची मनोवृत्तीही बदलू लागली. बासच्या स्पर्धांना लोकप्रियता मिळवून देणारे अलाबामाचे रे स्कॉट यांनी १९७२ मध्ये ‘पकडलेला मासा मारू नका’ अशी मोहीम सुरू केली. ती आश्चर्यकारकरीत्या यशस्वी झाली. जिवंत मासा पाण्यात परत सोडणे हा सभ्यतेचा संकेत बनला. मोठ्या, जास्त वापराच्या जलाशयांना याचा निश्चित लाभ झाला. मात्र छोट्या तळ्यांत आणि सुपीकता कमी असलेल्या जलाशयांत चित्र उलटे झाले. किमान मर्यादेच्या अगदी खाली असलेल्या लांबीच्या माशांचे थर साचू लागले. ते मर्यादा ओलांडतील इतके अन्नच त्यांना मिळेना. सद्हेतूने केलेला नियम आणि सद्हेतूने पाळलेला संकेत यांनी मिळून दाटी निर्माण केली.

दाटी झाली आहे हे ओळखावे कसे? येथे अंदाज उपयोगाचा नाही. तळ्याचा मालक ‘मासे खूप लागतात’ म्हणून खूश असतो आणि तेच खरे तर दाटीचे लक्षण असते. शास्त्रज्ञ नौकेवरून पाण्यात विजेचा प्रवाह सोडून मासे क्षणभर बधिर करतात, त्यांची लांबी व वजन घेतात आणि पुन्हा सोडून देतात. या नोंदींतून दोन निर्देशांक काढले जातात. पहिला आकारमानाचा. २० सेंटिमीटर व त्याहून लांब अशा एकूण बासपैकी ३० सेंटिमीटर व त्याहून लांब असलेल्यांची टक्केवारी काढतात. संतुलित तळ्यात ती ४० ते ७० असते. शंभरांपैकी पंधराच मासे ३० सेंटिमीटरपर्यंत पोहोचले असतील, तर दाटीची शंका घ्यावी.

दुसरा निर्देशांक शरीरस्थितीचा, म्हणजे सापेक्ष वजनाचा. विशिष्ट लांबीच्या निरोगी माशाचे जे प्रमाण वजन, त्याच्याशी प्रत्यक्ष वजनाची टक्केवारी काढली जाते. ३० सेंटिमीटर लांबीच्या बासचे प्रमाण वजन सुमारे ३८० ग्रॅम आहे. तळ्यातील तेवढ्याच लांबीचा मासा ३०० ग्रॅम भरला, तर निर्देशांक ७९ येतो. ९५ ते १०५ ही समाधानकारक कक्षा मानतात. पहिला निर्देशांक एकटा घेतला तर फसगत होऊ शकते, कारण एखाद्या वर्षी वीण चांगली झाली तरी लहान माशांचे प्रमाण वाढते. ते मासे गुबगुबीत असतील तर चिंतेचे कारण नाही. लहान मासे पुष्कळ आणि तेही रोडावलेले, असे दोन्ही एकत्र दिसले की निदान पक्के होते.

उपायाचे सूत्र ‘संरक्षित पट्टा’ या नावाने ओळखता येईल. सर्वसाधारण तळ्यात हा पट्टा ३० ते ३८ सेंटिमीटरचा असतो. या लांबीचे मासे सोडून द्यायचे; त्यापेक्षा लहान आणि मोजके त्यापेक्षा मोठे मासे काढायचे. लहान मासे काढल्याने तोंडे कमी होतात, वाचलेले अन्न पट्ट्यातील माशांना मिळते आणि ते झपाट्याने पुढे सरकतात. किती काढायचे हे पाण्याच्या सुपीकतेवर ठरते. दर एकरी वर्षाला साधारण १० ते ३० पौंड, म्हणजे हेक्टरी सुमारे ११ ते ३४ किलो, या दरम्यान शिफारशी आढळतात. खत घातलेल्या हिरवट पाण्यात जास्त, नितळ पाण्यात कमी. खाण्याच्या दृष्टीनेही लहान बास सोयीचा आहे, कारण पारा हा जड धातू वयस्कर शिकारी माशांच्या शरीरात अधिक साठतो. हे काम एकदा करून भागत नाही. दर वसंतात नवी वीण येते, म्हणून काढणीही दरवर्षी आणि मोजमापासह करावी लागते. निर्देशांक सुधारल्यावरही त्याच जोमाने काढणी चालू ठेवली, तर तळे ब्लूगिलच्या गर्दीकडे झुकते.

टेक्सासमधील लेक फोर्क हा १९८० मध्ये बांधलेला जलाशय अशा पट्ट्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे १६ ते २४ इंच, म्हणजे सुमारे ४१ ते ६१ सेंटिमीटर लांबीचे बास सोडून द्यावे लागतात. १९९२ मध्ये तेथे सव्वाआठ किलोंच्या आसपास वजनाचा बास मिळाला आणि तो त्या राज्याचा विक्रम ठरला. पण संरक्षित पट्ट्याचा इतिहास केवळ यशाचा नाही. अनेक जलाशयांत पट्टा लागू झाला, लहान मासे नेण्यास परवानगी मिळाली, आणि लोकांनी ते नेलेच नाहीत. सोडून देण्याची सवय इतकी रुजली होती की नियमाने दिलेली मुभा कोणी वापरली नाही. काढणीविना पट्टा म्हणजे केवळ आणखी एक बंदी. जीवशास्त्र अचूक असूनही लोकांची वागणूक गृहीत धरल्याने योजना फसते, हे येथे स्पष्ट दिसते. या विषयातील खरी अडचण पाण्याखाली कमी आणि काठावर जास्त आहे.

‘दाटी’ हा शब्दही हेतुसापेक्ष आहे, हे नोंदवले पाहिजे. एखाद्या मालकाला मुलांसाठी मोठे ब्लूगिल हवे असतील, तर तो बासची गर्दी मुद्दाम राखतो. त्याच्या तळ्यात आकारमानाचा निर्देशांक २० ते ४० असणे योग्यच मानले जाते. आणि जेथे बास मूळचाच नाही, तेथे निवडीचा प्रश्न उरत नाही. जपानमध्ये हा मासा १९२५ मध्ये आशी सरोवरात आणला गेला, पुढे तो देशभर पसरला. बिवा सरोवरातील स्थानिक मासे धोक्यात आल्यावर शिगा प्रांताने २००३ पासून पकडलेला बास व ब्लूगिल पाण्यात परत सोडण्यास मनाई केली. अमेरिकेत जे सौजन्य, ते तेथे नियमभंग ठरते.

भारतात बासची समस्या नाही, पण दाटीची आहे. कटला, रोहू, मृगळ हे आपले प्रमुख कार्प साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील वाहते पाणी लागते. म्हणूनच हिरालाल चौधुरी यांनी १९५७ मध्ये प्रेरित प्रजननात मिळवलेले यश क्रांतिकारक ठरले आणि १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. तळ्यात कटला किती, हे प्रामुख्याने बोटुकली किती सोडली यावर ठरते. अशा माशांसाठी मोठ्या आसाचे जाळे वापरून लहान मासे वाढू देणे हा नियम पूर्णतः योग्य आहे.

तिलापियाचे गणित वेगळे. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. तो काही महिन्यांतच प्रजननक्षम होतो, वर्षातून अनेकदा वितो आणि मादी पिले तोंडात सांभाळते. परिणामी तळी मूठभर आकाराच्या तिलापियाने भरून जातात. १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी आली, परंतु तो तमिळनाडूतील अमरावती, वैगई यांसारख्या जलाशयांत स्थिरावला. भीमा नदीवरील उजनी जलाशयात मच्छीमार त्याला चिलापी म्हणतात आणि तेथील जाळ्यांत त्याचेच प्राबल्य असते. पुढे संवर्धनासाठी सुधारित जातीच्या तिलापियाला अटींसह परवानगी मिळाली. त्यात केवळ नर पिले वापरण्यावर भर असतो, तो दाटी मुळातच टाळण्यासाठी.

मोठ्या आसाचे जाळे या पाण्यात नेमके उलटे काम करते. ते मरळ, शिवडा असे मोठे शिकारी मासे काढून घेते आणि पोटभर अन्न न मिळालेली चिलापी जागेवर ठेवते. लहान आसाचे जाळे सर्रास वापरावे, तर त्यात कटल्याची बोटुकलीही अडकते. या पेचातून वाट काढायची, तर जाती, जागा आणि वेळ पाहून मासेमारी करावी लागेल. चिलापीचा नर काठच्या उथळ पाण्यात तळ उकरून घरटे करतो. उन्हाळ्यात पाणी उतरलेले असताना आणि नवी बोटुकली सोडण्यापूर्वी, याच काठावर मोजूनमापून लहान चिलापी काढणे आणि मरळ, शिवडा यांना त्या काळात जाळ्यातून परत पाण्यात सोडणे, हा मार्ग सहकारी संस्थांना तुलनेने कमी खर्चात अवलंबता येण्याजोगा आहे.